शिरोडकरांचा टाका आणि ४५ दिवसांची रजा



रेल्वे आणि टपाल खात्यातल्या महिलांच्या या मेळाव्यात आम्हाला रजेच्या नियमांवर बोलायला सांगितले आहे. पण आधी एका डॉक्टरांविषयी बोलतो. नियमातली खोच त्यांच्या कामावरून चटकन ध्यानात येते.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच प्राध्यापक झाले. काही बायकांना दिवस राहतात, चौथा-पाचवा महिना लागतो आणि फारशा कळा न येताच गर्भ पडतो. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा. घरचे म्हणतात, हिच्या नशिबातच नाही. शिरोडकरांनी नशीब बाजूला ठेवले आणि गर्भाशयाचे तोंड पाहिले. काही जणींत ते वेळेआधीच सैल पडून उघडते. पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तसे ते बांधायचे, हा त्यांचा उपाय. बांधायला त्यांनी त्याच बाईच्या मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी वापरली. १९५५ साली हे छापून आले. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्डोनाल्ड यांनी सोपा टाका दिला आणि आज तोच जास्त चालतो. पण शिरोडकरांचे नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत राहिले. १९७१ मध्ये ते वारले.

हा टाका सरसकट कोणाला घालत नाहीत. आधी असे गर्भपात झाले असतील तर साधारण १२ ते १४ आठवड्यांत घालतात आणि ३६-३७ आठवड्यांना काढतात. म्हणून पहिल्याच तपासणीला मागचे सगळे डॉक्टरांना सांगा. आपल्या बायका ते लपवतात. लाज कसली त्यात?

आता नियम. बाळंतपणाची रजा १८० दिवस, ती दोनपेक्षा कमी हयात मुले असतील तर. गर्भपाताला मात्र ४५ दिवस, आणि तेही एका वेळचे नव्हेत, सबंध नोकरीतले मिळून! पहिल्या खेपेला ३० दिवस गेले तर दुसऱ्या खेपेला १५ उरले. तिसऱ्या खेपेला गँगमधल्या बाईने काय करायचे? स्वतःची शिल्लक रजा मोडायची, नाहीतर अंगात त्राण नसताना गिट्टीवर उभे राहायचे.

२०२२ साली केंद्र सरकारने मूल मृत जन्मले किंवा जन्मताच गेले तर ६० दिवसांची खास रजा दिली. चांगले केले. पण मृत जन्म धरतात तो २८ आठवड्यांपासून पुढे. विसाव्या आठवड्यात गेले तर पुन्हा तेच ४५ दिवस. म्हणजे जिला शिरोडकरांच्या टाक्याची गरज पडते, तीच नेमकी या फटीत सापडते.

आमची मागणी एवढीच : ४५ दिवस प्रत्येक खेपेला मिळावेत. आणि टाका घातलेल्या बाईला डॉक्टरांनी जड काम नको असे लिहून दिले, तर त्या कागदावर हलके काम मिळालेच पाहिजे. साहेबाच्या मर्जीवर नको.

त्यासाठी आम्हाला हातात कागद लागतो. नाव लिहू नका. किती वेळा असे झाले, किती दिवस घरी राहावे लागले आणि ती रजा कोणत्या खात्यात धरली, एवढे चिठ्ठीवर लिहून जाताना शाखा सचिवांकडे द्या.