घरबसल्या व्यापार : विश्वास आणि सावधपणा



साताऱ्याचे कंदी पेढे आणि २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभलेली सांगलीची हळद आज आपल्या कित्येक घरांतून मोबाईलवरून विकली जाते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पेठेत गिऱ्हाईक समोर असे. येथे ते दिसत नाही.

गतवर्षी एकाने पैसे भरल्याचे चित्र मजकडे धाडले. मी हळद रवाना केली. खात्यात दमडीही आली नाही. तेव्हापासून बँकेचे खाते स्वतः पाहिल्याखेरीज मी पार्सल बांधीत नाही. पैसे घेण्यास पिन लागत नाही, हेही ध्यानी धरावे. वजनाचे छायाचित्र व पावती जपावी. तंट्यात तीच साक्ष. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे.

माल खरोखरच खराब निघाल्यास मात्र पैसे विनातक्रार परत करावेत. व्यापाऱ्याची अब्रू त्यातच आहे.