यंत्रमागाजवळचे हाकेचे अंतर

एखादे घर किती जवळ आहे हे सांगताना आपण सहज म्हणतो, 'हाकेच्या अंतरावर आहे.' उघड्या शिवारात हे अंतर मोठे असते, कारण आवाज अंतरागणिक क्षीण होत गेला तरी त्याला झाकून टाकणारे दुसरे काही तिथे नसते. सुरतेत पांडेसरा, उधना, सचिन या भागांतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये मात्र हेच अंतर हातभरावर येते. ऐकू येण्याच्या या टप्प्याला आपण कामगाराच्या सुरक्षिततेचे माप मानले पाहिजे, असे मला आज मांडायचे आहे. हे माप कामगाराजवळ आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि ते शास्त्राला धरूनही आहे.

आधी शास्त्र पाहू. नेहमीचे बोलणे मीटरभरावरून साधारण 60 डेसिबल भरते, तर ओरडणे 90च्या आसपास जाते. धोट्याच्या (शटलच्या) मागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फटका खाऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे आपटून थांबतो. असे अनेक माग एका छपराखाली चालले की आवाज बहुधा 95 ते 105 डेसिबलपर्यंत चढतो. तिथे मीटरभरावरून मारलेली आरोळीही बुडून जाते आणि कानाशी तोंड न्यावे लागते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर भोवतीचा गोंगाट साधारण 85 डेसिबलच्या वर आहे, असे ध्वनितज्ज्ञ मानतात. अमेरिकेतल्या 'निओश' या कामगार-सुरक्षा संस्थेने आठ तासांसाठी सुचवलेली मर्यादाही 85 डेसिबलचीच आहे. पुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. सुरतेतल्या कितीतरी मागांवर पाळी असते बारा तासांची.

यावर पहिला आक्षेप असतो की कानाला सवय होते. सवय होते ती मनाला. आतल्या कानातल्या संवेदक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पाळी सुटल्यावर कानांना दडे बसल्यासारखे वाटते आणि सकाळी कान मोकळे होतात. त्यालाच लोक सवय समजतात. खरे तर ती इजेची पहिली सूचना असते. नुकसान सुरू होते 4000 हर्ट्झच्या आसपास. स, श, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच वरच्या पट्टीत दडलेली असते, तर स्वर खालच्या पट्टीत असतात. म्हणून या कामगाराला कोणी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन लिंबायत-उधन्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतही एखाद्या कामगाराला 'लक्ष देत नाही' असा दोष दिला जात असेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: कानात घालायचे बोळे दिले तरी कामगारच ते घालत नाहीत, कारण मागाचा बदललेला आवाज आणि सोबत्याची हाक ऐकू येणार नाही अशी त्यांना धास्ती असते. ज्याचे कान शाबूत आहेत त्याच्या बाबतीत ही भीती बहुतांशी अनाठायी आहे, कारण बोळ्याने गोंगाट आणि हाक दोन्ही सारखीच कमी होतात. पण ज्याचे कान आधीच गेले आहेत त्याला बोळ्यामुळे खरोखरच कमी ऐकू येते. त्याची तक्रार हेकटपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. म्हणूनच पहिला उपाय यंत्रावर हवा: झिजलेले भाग वेळेवर बदलणे, मागाखाली कंपन शोषणारे पाट घालणे, छताला ध्वनिशोषक अस्तर लावणे आणि जमेल तिथे बिनधोट्याचे माग आणणे. नवे मागही निःशब्द नसतात, पण धोट्याचा फटका त्यांत नसतो. बोळे त्यानंतरचे.

छोट्या कारखानदाराला हे परवडत नाही, असेही म्हणतात. सगळे एकदम परवडणार नाही, हे मान्य. पण कामगाराची पाळी आलटून-पालटून कमी गोंगाटाच्या जागी लावायला आणि वर्षातून एकदा कान तपासून घ्यायला मोठे भांडवल लागत नाही. सुरतेच्या नवी सिव्हिल आणि स्मीमेर रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. 1948च्या कारखाना कायद्याने गोंगाटाने येणारा बहिरेपणा सरकारला कळवायच्या रोगांत घातला, भरपाईच्या कायद्यानेही तो व्यवसायजन्य मानला. तरीही नोंद होत नाही तोवर हा रोग कागदावर अस्तित्वातच नसतो, आणि लहान शेडपर्यंत मोजणीचे यंत्र क्वचितच पोहोचते. म्हणून प्रत्येक पाळीला हातभर अंतरावरून आवाज न चढवता बोलून पाहावे. बोलणे ऐकू आले नाही, तर तेवढा पुरावा मुकादमाने आणि मालकाने तपासणी मागवण्यास पुरेसा मानावा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांनाही हीच कसोटी लागू आहे. मजुरीच्या दरावर जशी घासाघीस होते, तशीच हाकेच्या या अंतरासाठीही कामगारांनी मागणी धरावी, कारण गेलेली मजुरी पुन्हा मिळवता येते, गेलेले कान मिळवता येत नाहीत.