दुखण्याच्या घरातील शाळा



घरातील शाळा म्हटले की कुणाला गुरुगृह आठवते, कुणाला ती श्रीमंतांची हौस वाटते. आम्ही ज्या घरांविषयी बोलणार आहोत तिथे यांपैकी काहीच नसते. तिथे कुणीतरी कायमचे आजारी असते आणि मुले लहान असतात. आमचे घर त्यांतलेच. आम्हां दोघांतल्या एकीला, म्हणजे मुलांच्या आईला, आमवात आहे. आठ वर्षांच्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह. धाकटा सहा वर्षांचा, तो ठणठणीत आहे.

कायद्याचा प्रश्न हटकून येतो, म्हणून तो आधीच उरकतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील सक्ती ही मुख्यतः सरकारवर आहे. मुलाला घरी शिकवले म्हणून आईबापांना त्यात शिक्षा सांगितलेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. तेव्हा परीक्षेची वाट बंद होत नाही.

खरी अडचण सकाळची. आमवातात पहाटे बोटे आखडतात ती तास-दीड तास सुटत नाहीत. मुलीची साखर रात्री दोनला उठून पाहावी लागते, म्हणजे झोप तिचीही मोडते. अशा घरात भिंतीवर शाळेचे वेळापत्रक चिकटवणारे पालक आम्ही पाहिले आहेत. तिसऱ्या दिवशी त्या कागदावरून भांडणे होतात. आमचा वर्ग अकराला भरतो आणि एकला सुटतो. एकट्या मुलाला समोर घेऊन बसले तर तिसरीच्या अभ्यासाला दोन तास पुरतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की मूल चिडते, येणारी अक्षरेसुद्धा चुकवते. त्याला आळस म्हणून रागावू नये. डॉक्टरांनी ठरवून दिलेले ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आणि आकडा वर आला तरी डोके लगेच ठिकाणावर येत नाही, म्हणून त्या दिवसापुरते पाढे बाजूला ठेवावे.

आता एक नाजूक गोष्ट. आमचे एक स्नेही म्हणाले, 'तुमच्या घरी गणित ताटातच वाढलेले आहे!' हिशेब खरा आहे. वीस ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्शुलिन, हे आमच्या मुलीपुरते ठरलेले प्रमाण. जेवणात साठ ग्रॅम असतील तर तीन युनिटे. त्रैराशिकच ते. आम्ही मुलीला विचारले. ती म्हणाली, 'मग न टोचणारं गणित कुठलं?' तेव्हापासून ताटाचा हिशेब आमचा, आणि तिचे गणित रांगोळीच्या ठिपक्यांचे, एसटीच्या तिकिटांचे. पुढे तिला इन्शुलिनचा हिशेब शिकावाच लागेल. पण तो औषधाचा भाग म्हणून शिकेल. आठव्या वर्षी आजार हेच तिचे क्रमिक पुस्तक व्हावे, हे आम्हांला मान्य नाही.

सोबत्यांचे काय, असे विचारतात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीकडे येईनात. बाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तेवढी आमची ऐपत नाही, पण शेजारची चार मुले संध्याकाळी आमच्या ओट्यावर येतात, एवढे जमले आहे. त्यांच्या आयांना साखर उतरल्याची लक्षणे सांगून ठेवली आहेत.

राहिला धाकटा. ताई घामाघूम झाली की तो ग्लुकोजचा डबा घेऊन धावतो आणि पाहुणे त्याचे कौतुक करतात. आम्हांला ते कौतुक खुपते. त्याने हाक मारावी, एवढेच त्याचे काम. डबा आणणे मोठ्यांचे. दोघांना घरी शिकवणे आम्हांला सोपे आहे, बालवाडीच्या वयात त्याला शिकवलेही. पण मुलीला घरी ठेवण्याचे कारण तिच्या प्रकृतीत आहे. त्याच्याबाबतीत ते आमच्या सोयीत आहे. म्हणून येत्या जूनपासून तो पहिलीला नगरपालिकेच्या शाळेत जाणार. त्याचे वडील सहालाच कामावर निघतात, तेव्हा पोचवायला शेजारच्या काकू आहेत. बुटांचे बंद मात्र त्याचे त्यालाच बांधावे लागतील. त्या वेळी घरात दुसऱ्या कुणाची बोटे वळत नाहीत. सध्या दुपारी अकरा ते एकमध्ये तोच तास चालू आहे.