अक्षराला भिणारे धनी
(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही पाटी सोडून पुस्तकावर आलात, याचा मला फार आनंद आहे. परवा मी तुमच्या वर्गात मागे बसलो होतो. तेव्हा एका आजींनी मला विचारले, "मास्तर, माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या. आता अक्षर शिकून मी काय करू?"

आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर म्हणून आज एक हकिकत सांगतो. ती लांबची आहे, अमेरिकेतली. पण ती घडलेली आहे, रचलेली नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे आणि भाताचे मोठमोठे मळे होते. त्या मळ्यांत राबायला गुलाम असत. गुलाम म्हणजे नोकर नव्हे, बरं का. नोकराला पगार असतो, आणि नको वाटले तर तो घरी जातो. गुलामाला पगार नाही, घर नाही, जाणे नाही. तो विकत घेतलेला माणूस. आफ्रिका खंडातून माणसे धरून आणली, जहाजात कोंबली आणि बाजारात उभी केली. त्यांची मुले जन्मतःच गुलाम. आई एकाला विकावी आणि तान्हे लेकरू दुसऱ्याला. आपण बाजारात बैलजोडी फोडताना कचरतो. तिथे मायलेकरे फोडत.

आता एक गंमत ऐका. गंमत कसली, लाजिरवाणी गोष्टच ती. दक्षिण कॅरोलायना नावाच्या राज्यात १७४० साली एक कायदा झाला. गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड! पुढे १८३४ साली कायदा आणखी कडक झाला. नुसते वाचायला शिकवणे हाही गुन्हा ठरला. गोऱ्या माणसाने शिकवले तर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुलामाने शिकवले तर पन्नासपर्यंत फटके.

धन्यांजवळ बंदुका होत्या, शिकारी कुत्रे होते, कोर्टकचेरी होती. मग त्यांना भीती कशाची? भीती अक्षराची. गुलामाला मळ्याबाहेर जायचे तर धन्याची चिठ्ठी लागे. लिहिता येणारा गुलाम ती चिठ्ठी स्वतःच लिहील. वाचता येणारा गुलाम वर्तमानपत्र वाचील. आपल्यासाठी कुणी भांडते आहे, हे त्याला कळेल. एकदा कळले की तो मान खाली घालून राहणार नाही.

या राज्यात चार्ल्स्टन शहरी ग्रिम्के नावाचे श्रीमंत घराणे होते. वडील मोठे न्यायाधीश. घरात आणि मळ्यात पुष्कळ गुलाम. त्या घरात १७९२ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव सारा. १८०५ साली तिच्या पाठची धाकटी बहीण जन्मली. तिचे नाव अँजेलिना. साराने या धाकटीला लेकीसारखे वाढवले.

सारा लहान असताना तिच्या दिमतीला एक गुलाम पोरगी दिली होती. तिचे नाव हेट्टी. रात्री हेट्टीने साराचे केस विंचरायचे. साराने काय केले? दिवा मालवला. दाराच्या कुलपाचे भोक झाकले. मग दोघी शेगडीपुढे पालथ्या पडल्या आणि विस्तवाच्या उजेडात पहिले पुस्तक उघडले. सारा शिकवी, हेट्टी शिके. असे काही दिवस चालले आणि मग फुटले. साराला वडिलांची बोलणी खावी लागली. हेट्टीचे फटके थोडक्यात चुकले.

गुन्हा एकच, पण सजा कुणाला कशी, ते बघा. साराच्या ते कायमचे लक्षात राहिले.

साराला स्वतःलाही वडिलांचा कायदा शिकायचा होता. पण ती मुलगी पडली. भावाला शाळा आणि हिला भरतकाम. आपल्याकडे वेगळे काय होते?

पुढे साराला ते घर सोसेना. १८२१ साली ती उत्तरेकडे फिलाडेल्फिया शहरी जाऊन राहिली. १८२९ साली अँजेलिनाही तिच्यामागे गेली. १८३६ साली अँजेलिनाने एक छोटे पुस्तक लिहिले. ते दक्षिणेकडच्या बायकांसाठी होते. तुम्हाला मताचा हक्क नसला तरी तुम्ही वाचू शकता, बोलू शकता, घरातल्या पुरुषांना सांगू शकता, आपले गुलाम मोकळे करू शकता, असा त्याचा मथितार्थ. हे पुस्तक चार्ल्स्टनच्या टपालात पोचले, तेव्हा ते तिथे जाळण्यात आले. आणि अँजेलिनाने पुन्हा आपल्या गावात पाऊल टाकू नये, असा निरोप तिच्या आईला मिळाला. स्वतःचे माहेर तुटले, बायांनो!

दोघी बहिणी मग गावोगाव भाषणे करू लागल्या. त्या काळी बाईने पुरुषांपुढे भाषण करणे म्हणजे अब्रू घालवणे. धर्मगुरूंनी पत्रक काढून त्यांचा निषेध केला. बहिणी थांबल्या नाहीत. १८३८ साली अँजेलिना मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे बोलली. असे बोलणारी ती पहिली बाई. तिच्या पाठीशी वीस हजार बायकांच्या सह्यांचे अर्ज होते. बायकांना मत नव्हते, पण सही होती.

त्याच साली मे महिन्यात फिलाडेल्फियात एक सभागृह नवे बांधले होते. कुणालाही मोकळेपणी बोलता यावे म्हणून ते लोकांनी पैसे जमवून बांधले. तिथे अँजेलिना बोलायला उभी राहिली. बाहेर जमाव ओरडत होता. खिडक्यांवर दगड पडत होते, काचा फुटत होत्या. ती बोलतच राहिली. सभेनंतर गोऱ्या आणि काळ्या बाया हातात हात घालून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी रात्री जमावाने ते सभागृह जाळले. बंब आले, पण त्यांनी शेजारच्या घरांवर पाणी मारले. सभागृहावर नाही.

इथे दुसरी एखादी घाबरून घरी बसली असती. अँजेलिनाने थिओडोर वेल्ड या कार्यकर्त्याशी नुकतेच लग्न केले होते. आता ती दोघे आणि सारा, तिघांनी एक नवेच काम हाती घेतले. वेल्डने न्यूयॉर्कच्या एका वाचनगृहातून टाकून दिलेली जुनी वर्तमानपत्रे आणली. ती दक्षिणेकडची, म्हणजे गुलामांच्या धन्यांचीच. आपण जिला रद्दी म्हणतो, ती. दोघी बहिणी महिनोन् महिने ती रद्दी वाचत आणि कात्रणे काढत बसल्या. त्यात पळालेल्या गुलामांच्या जाहिराती असत. ओळख पटावी म्हणून धनीच त्यात लिहीत, याच्या पाठीवर वळ आहेत, हिच्या गालावर डागल्याची खूण आहे, याचा कान कापलेला आहे.

धनी एरवी म्हणत, "आम्ही गुलामांना पोटच्या पोरासारखे वागवतो." आणि त्यांच्याच हातचा पुरावा वर्तमानपत्रात पडून होता! कुणीतरी तो वाचायचा राहिला होता, एवढेच. काम संपल्यावर मोजले तेव्हा वीस हजारांच्या वर अंक वाचून झाले होते. १८३९ साली त्याचे पुस्तक निघाले. पहिल्या वर्षातच त्याच्या एक लाख प्रती खपल्या. नंतर हॅरिएट बीचर स्टो नावाच्या बाईंनी 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी लिहिली. ती १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली. तिलाही या कात्रणांचा आधार झाला.

पण एक गैरसमज होऊ देऊ नका. हे काम फक्त शिकलेल्या गोऱ्या बायांनी केले असे नाही. सोजर्नर ट्रुथ नावाची बाई जन्माने गुलाम होती. तिला आयुष्यभर लिहिता-वाचता आले नाही. तिचा लहान मुलगा कायदा मोडून दूर दक्षिणेत विकला गेला. ही कोर्टात गेली आणि १८२८ साली मुलाला परत घेऊन आली! पुढे तिने सांगितलेली आपली कहाणी दुसरीने लिहून घेतली आणि १८५० साली ती छापली गेली. अक्षर नाही म्हणजे अक्कल नाही, असे म्हणणारा मूर्ख. पण अशा बाईच्या हाती अक्षर असते तर काय झाले असते, याचाही विचार करा.

१८६१ ते १८६५ अशी चार वर्षे अमेरिकेत आपसात युद्ध झाले. १८६५ च्या डिसेंबरात गुलामगिरी कायद्याने बंद झाली. सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीतून सुटली.

हकिकत इथे संपत नाही. १८६८ साली अँजेलिना वर्तमानपत्र वाचत होती. त्यात काळ्या मुलांच्या एका कॉलेजची बातमी होती. एका हुशार विद्यार्थ्याचे आडनाव छापले होते, ग्रिम्के. ती चमकली. तिने त्या मुलाला पत्र लिहिले. उत्तर आले. तिच्या सख्ख्या भावाला एका गुलाम बाईपासून तीन मुलगे झाले होते. त्यांतला तो एक. बाप मेल्यावर सावत्र भावानेच त्यांना गुलाम म्हणून राबवले होते.

आता घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आला. पत्र फाडून चुलीत घातले असते तर कुणाला कळले असते? दोघी बहिणींनी तसे केले नाही. हे आमचे भाचे आहेत, असे त्यांनी चारचौघांत सांगितले आणि त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. त्यांतला आर्किबाल्ड वकील झाला आणि फ्रान्सिस धर्मगुरू. दोघांनीही पुढे आपल्या लोकांसाठी जन्मभर काम केले.

सारा १८७३ साली वारली. त्याच साली आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना ते अर्पण केले. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड आले होते. तिकडे दगड खिडकीवर पडले, इकडे अंगावर. अक्षराला भिणारे लोक सगळीकडे सारखेच.

मंडळी, आता माझीही एक चूक सांगतो. मी नोकरीत नवा असतानाची गोष्ट. एका विधवा बाईचा एका कागदावर अंगठा घेताना मी पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, वाचून दाखवा," असे तिच्या तोंडून निघाले नाही, पण डोळ्यांत होते. कागद घेणारा माणूस वजनदार होता. मी गप्प बसलो. तिची जमीन गेली. मला अक्षर येत होते, पण त्या दिवशी ते माझ्या काय कामाचे होते? ग्रिम्के बहिणींची हकिकत मी पुढे वाचली, तेव्हा मला त्या बाईची आठवण झाली. अजून होते.

म्हणून आजी, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. अक्षर नोकरीसाठी असते तर या वयात तुम्हाला त्याचे काम नव्हते. पण तुमच्या शेजारणीपुढे उद्या कुणी कागद धरला, तर तुम्ही तो हातात घ्या. सावकाश, अक्षर लावून, मोठ्याने वाचा. अडलात तर पुन्हा वाचा. कळल्याशिवाय तिला अंगठा उठवू देऊ नका.

तेवढे केलेत तरी तुमचे शिकणे कामी आले. माझे त्या दिवशी आले नव्हते.