मौनाची शिक्षा



ब्राझीलचे फ्रान्सिस्कन धर्मशास्त्रज्ञ लिओनार्दो बॉफ यांना १९८५ साली रोमने मौन पाळण्याचा आदेश दिला. याचे कारण केवळ मार्क्सवाद असे मानले, तर त्या संघर्षाचे मर्म हातून निसटते.

दारिद्र्याचे मूळ अन्यायी समाजरचनेत आहे, हे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनीच १९६८ च्या मेडेलिन परिषदेत म्हटले होते. १९८४ च्या रोमच्या निवेदनाने मुक्तीच्या धर्मशास्त्रातील वर्गसंघर्षाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला. गरिबांचा आक्रोश मात्र नाकारला नाही. बॉफ यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात तीच चिकित्सा खुद्द चर्चच्या रचनेला लावली. धार्मिक उत्पादनाची साधने धर्माधिकाऱ्यांच्या हाती एकवटली आणि सामान्य श्रद्धावंत केवळ ग्राहक उरला, असा त्यांचा आशय होता. जगातील अन्यायाची चर्चा संस्थेला एकवेळ सोसते. स्वतःच्या सत्तेचा हिशेब मागितलेला सोसत नाही.

श्रद्धेच्या एकतेसाठी अधिकार लागतो, हा रोमचा युक्तिवाद क्षुल्लक नव्हे. परंतु १९८४ साली बॉफ यांना रोमला पाचारण झाले, तेव्हा आर्न्स व लोर्शायडर हे ब्राझीलचे दोन कार्डिनल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे मतभेद चर्चच्या आतच होता. १९८६ साली मौन उठले; पुन्हा निर्बंधांची वेळ येताच १९९२ साली बॉफ यांनी पुरोहितपद सोडले, श्रद्धा सोडली नाही.

समतावादी पक्षांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. पक्षांतर्गत सत्तेविषयी कार्यकर्त्याने प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर मिळते की नोटीस?