नखाएवढ्या चौकटींतील परभणी

मराठी मुलाच्या हातीं कागद व रंगीत खडू देऊन ‘देखावा काढ’ असें म्हटलें, कीं बहुधा दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खालीं नदी आणि एक कौलारू घर कागदावर उतरतें. परभणीचें मूलहि यास अपवाद नसतें. वस्तुतः शहराबाहेर पाऊल टाकतांच त्याच्या दृष्टीस पडतें तें निराळेंच असतें : दूरवर पसरलेलें काळें रान, बांधावरची बाभूळ, ज्वारीचीं ताटें आणि वर अफाट आकाश. हीच गंमत हल्लींच्या यंत्रांतहि आढळते. संगणकावर किंवा खिशांतील फोनवर ‘येथें छायाचित्र आहे’ असें सांगणारें जें चिमुकलें चिन्ह असतें, त्यांत पुष्कळदां दोन डोंगर आणि एक सूर्यच असतो. मग ज्याच्या गांवास डोंगर नाहीं, त्यानें आपल्या गांवाचें चिन्ह कोठून आणावें?

उत्तर सोपें आहे : स्वतः टिपलेल्या छायाचित्रांतून. असें शोभेचें चिन्ह, ज्यास आयकॉन म्हणतात, घरच्या घरीं तयार करतां येतें.

मोठें दृश्य लहान चौकटींत बसविण्याची कल्पना ह्या प्रांतास नवी नाहीं. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता त्या काळीं, १९३१ सालीं, संस्थानानें सचित्र टपाल-तिकिटें काढलीं. एका आण्याच्या तिकिटावर चारमिनार होता, चार आण्यांच्या तिकिटावर उस्मानसागर तलाव, तर आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचें प्रवेशस्थान. पुढें १९८४ सालीं मॅकिंटॉश संगणक निघाला, त्याचीं चिन्हें सुझन केअर ह्या बाईंनीं चौकटीच्या कागदावर बत्तीस गुणिले बत्तीस घरांत आंखलीं. १९९९ सालीं जपानच्या शिगेताका कुरिता यांनीं तर बारा गुणिले बारा, म्हणजे अवघ्या १४४ बिंदूंत पाऊस, ऊन व हास्य बसविलें. तिकिटाच्या चित्रकारापुढें जो प्रश्न होता, तोच ह्या दोघांपुढेंहि होता : ठेवावें काय आणि टाकावें काय?

हा प्रश्न गणितानें स्पष्ट होतो. छायाचित्राचा तीन हजार गुणिले तीन हजार बिंदूंचा चौरस घेतला, तर त्यांत नव्वद लक्ष बिंदु असतात. चौसष्ट गुणिले चौसष्टच्या चिन्हांत बिंदु अवघे ४,०९६. म्हणजे मूळच्या सुमारें २,२०० बिंदूंच्या वांट्यास येथें एकच बिंदु येतो. साहजिकच पानें, कुंपणाची तार, उडता बगळा हें सर्व त्यांत विरघळून जातें. यंत्रावर विसंबल्यास उरतो तो राखाडी चिखल. म्हणून लहान करणें म्हणजे नुसतें आक्रसणें नव्हे. ती निवड आहे.

ह्या कामास गिंप नांवाची प्रणाली पुरेशी आहे. बर्कलेच्या दोघां विद्यार्थ्यांनीं ती १९९६ सालीं लोकांपुढें ठेवली. ती विनामूल्य मिळते. प्रथम मूळ छायाचित्र बाजूस ठेवून त्याची नक्कल घ्यावी. नंतर चौरस कापावा. सपाट मुलखांत आकाशास दोन भाग आणि भूमीस एक भाग दिल्यास विस्तार जाणवतो. मग पोस्टराइझ ह्या सोयीनें रंग चार-पांचांवर आणावे. नको त्या फांद्या व खांब पुसावे, आणि जें झाड राखावयाचें तें किंचित् मोठें करावें. ह्यानंतरच आकार उतरवावा. शेवटीं चित्र आठपट मोठें दिसेल असें ठेवून पेन्सिलीच्या हत्यारानें एकेक बिंदु सुधारावा. कडा गोल करून बाहेरचा भाग पारदर्शक ठेवावयाचा असल्यास चिन्ह पीएनजी स्वरूपांत सांठवावें. जेपेगमध्यें पारदर्शकता टिकत नाहीं. सोळा गुणिले सोळाचें चिन्ह हवें असल्यास मात्र तें पुन्हा नव्यानें काढणेंच बरें.

परंतु खरी कसोटी हाताची नसून दृष्टीची आहे. काळोखे भाग आपोआप उजळविण्याची सोय हल्लीं सर्वत्र असते. ती वापरली, कीं ह्या जिल्ह्याची काळी माती तांबूस-करडी होते. यंत्रास तो काळेपणा दोष वाटतो. येथील शेतकऱ्यास तीच माती कापूस आणि ज्वारी देते. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेला हा रंग चिन्हांतहि काळाच राहिला पाहिजे. तसेंच मागें एखादा निळा डोंगर आणून चिकटविण्याचा मोह होतो. चित्र त्यानें नटेल, पण तें परभणीचें राहणार नाहीं.

प्रत्येक स्थळाची एक रेघ असते, ती शोधावी. गंगाखेडास ती गोदावरीच्या पाण्याची वांकडी रेघ आहे. पूर्णा नदीवरील येलदरीच्या जलाशयास आडवी रेघ शोभते. चारठाण्याच्या पुरातन स्तंभास एक उभी रेघ पुरते. ती सांपडली कीं बाकीचें टाकण्यास मन कचरत नाहीं. चिन्ह तयार झाल्यावर तें हातभर अंतरावर धरून घरांतील एखाद्या मुलास, कांहींहि न सांगतां, ‘हें काय आहे?’ असें विचारावें. त्यास ओळखतां आलें तर काम साधलें. न आलें तर आणखी कांहीं पुसावें लागेल. छायाचित्र दुसऱ्यानें काढलेलें असल्यास त्याची अनुमति आधीं घ्यावी, हेंहि विसरूं नये.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. पोटापाण्यासाठीं पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलाच्या फोनवर घरच्या छायाचित्रांच्या कप्प्यास कारखान्यांतून आलेलें परकें चिन्ह असावें, कीं एक काळी पट्टी, तीवर एक बाभूळ आणि वर मोकळें आकाश असावें? दोन्हींस जागा सारखीच लागते. पण दुसऱ्यावर बोट ठेवतांना त्यास आपलें रान दिसतें. आणि तें चिन्ह घरीं बसून त्याच्या धाकट्या भावंडानें केलेलें असेल, तर त्या भावंडास पुढल्या खेपेस कागदावर देखावा काढतांना त्रिकोण काढण्याआधीं खिडकीबाहेर एकदां पाहावेंसें वाटेल. एवढें झालें तरी त्या चार हजार बिंदूंचें चीज झालें.