पाठांतर म्हणजे अर्धीच तयारी


औसा तालुक्यातल्या हायस्कुलांतल्या मुला-मुलींनो,
आजचं बोलणं खास तुमच्यासाठी.

वक्तृत्व स्पर्धा असो, एकपात्री असो,
पाठांतर म्हणजे अर्धीच तयारी.

आपल्या मराठवाड्याचे लक्ष्मण देशपांडे आठवा.
‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाटक ते एकटेच सादर करत.
माणूस एक, आणि पात्रं 52!
आवाज बदलला, खांदा झुकला, नजर वळली,
की समोर दुसराच माणूस उभा.

तुम्ही दोन पात्रांपासून सुरुवात करा.
आई मुलाशी बोलते, तेव्हा नजर खाली.
मुलगा आईशी बोलतो, तेव्हा मान वर.
ही नजरेची जागा शेवटपर्यंत बदलू नका.
जागा हलली, की बघणारा गोंधळतो.

भाषणात महत्त्वाच्या वाक्याआधी थांबा.
एक श्वास घ्या.
मग बोला.

आणि आपली बोली मुळीच लपवू नका.
देशपांड्यांचं वऱ्हाड मराठवाडी बोलत बोलतच लंडनला पोचलं!
तुमच्या एकपात्रीतल्या आजोबांनाही खुशाल आपल्या गावासारखं बोलू द्या.

पुन्हा सांगते, पाठांतर म्हणजे अर्धीच तयारी.
उरलेली अर्धी माणसांसमोर होते.
आज जेवणं झाली, की घरच्यांना समोर बसवा.
शेवटच्या ओळीत बसलेल्या आजीला
प्रत्येक शब्द ऐकू आला का,
ते तिलाच विचारा.